वाचक विचारतात : परसातल्या शेळ्यांची वीण

गोव्यात परसात दोन-चार शेळ्या बांधणाऱ्यांची पत्रे पावसाळा सरला की वाढतात. यंदाही तसेच झाले आहे. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारली आहे, म्हणून सारखी पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

आमच्याकडे चार गावठी शेळ्या आहेत. वर्षाला आठ-नऊ करडे होतात, पण विकायला तीन-चारच उरतात. जून-जुलैत जन्मलेली तर हमखास जातात. जंताचे औषध देतो, डॉक्टरही येऊन जातात. शेळ्या मांगराच्या पडवीत असतात. चुकते कुठे? (एक वाचक, सत्तरी तालुका)

औषधाच्या आधी तारीख पाहा. शेळीचा गाभणकाळ सरासरी १५० दिवसांचा, पाचेक दिवस मागेपुढे. जून-जुलैत व्यालेली शेळी जानेवारी-फेब्रुवारीत लागलेली असते. तेव्हा भात कापून झालेले असते, शेळ्या मोकळ्या सुटतात, गावचा बोकडही मोकळाच असतो. करडू मेले ते जुलैत, पण त्याचे कारण जानेवारीत घडून गेलेले असते.

पावसात करडे जातात त्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. दोन किलोचे ओले करडू ओल्या जमिनीवर काही तासांतच गारठते आणि गारठलेले करडू चोखत नाही. सरी आत येऊ नयेत म्हणून आपण पडवी ताडपत्रीने बंद करतो. मग मुताचा उग्र वास आत कोंडतो आणि फुप्फुसे धरतात. ओलीत लेंड्यांतले कॉक्सिडियाचे जंतू झपाट्याने पिकतात आणि तीन आठवड्यांच्या पुढच्या करडांना काळसर किंवा रक्ताची हगवण लागते. त्यातच आईला कोवळे, पाणीदार गवत, वर पोटात रक्त पिणारे जंत, म्हणजे दूधही कमी.

आता वेळापत्रकाकडे येऊ. दोन वर्षांत तीन वेत, म्हणजे दर आठ महिन्यांनी एक, असे गणित सगळीकडे सांगितले जाते. ते गोव्यात जसेच्या तसे लावून पाहा. शेळी ऑक्टोबरला व्याली तर पुढचे वेत जूनमध्ये, त्यापुढचे फेब्रुवारीत. नोव्हेंबरला व्याली तर जुलै आणि मार्च. डिसेंबरला व्याली तर ऑगस्ट आणि एप्रिल. कुठूनही सुरुवात केली तरी तीन वेतांची जागा वर्षात चार-चार महिन्यांच्या अंतराने पडते आणि आपला पाऊसही जून ते सप्टेंबर असा चार महिन्यांचाच. एक वेत पावसात सापडणारच.

म्हणून आठ-आठ-आठ ऐवजी सात-आठ-नऊ करा. दोन वर्षांचे तीन वेत तसेच राहतात, फक्त अंतर थोडे हलते. बोकड लावायच्या खिडक्या तीन. पहिली १ ते २३ मे. या शेळ्या २८ सप्टेंबर ते २० ऑक्टोबरच्या दरम्यान वितील. दुसरी २० नोव्हेंबर ते १२ डिसेंबर. वीण १९ एप्रिल ते ११ मे. तिसरी १ ते २३ ऑगस्ट. वीण डिसेंबरअखेर ते २० जानेवारी. त्यानंतर पुन्हा मे. शेळी दर २१ दिवसांनी माजावर येते, त्यामुळे २३ दिवसांच्या खिडकीत प्रत्येक शेळीला एक माज मिळतो. एखादी हुकली तर तिला मागून ओढत बसू नका, पुढच्या खिडकीपर्यंत थांबवा.

यातली ऑक्टोबरनंतर लगेच डिसेंबरची खिडकी अवघड आहे. वीण झाल्यावर जेमतेम दीड-दोन महिन्यांत शेळी पुन्हा लागायला हवी. जुळी पाजणारी, पाठीचा कणा आणि फासळ्या हाताला टोचणारी शेळी इथे सोडून द्यावी. तिला मेमध्ये लावा. वर्षातून एकदाच व्याली तरी जुळी जगवणारी शेळी वर्षातून दीडदा विऊन करडे गमावणारीपेक्षा केव्हाही बरी.

खिडक्या पाळायच्या तर बोकड बांधावा लागेल. चरायला एकत्रच जात असतील तर बोकडाच्या पोटाखाली, लिंगाच्या पुढे, गोणपाटाचा पडदा लटकवून पाठीवर बांधा. दिसायला विनोदी वाटते, पण काम होते. पडदा रोज तपासा आणि भिजला की बदला; नाहीतर तिथे जखम होते.

प्रत्येक खिडकीच्या तीन आठवडे आधीपासून शेळीला रोजचा पाला असतोच, त्यावर २०० ते २५० ग्रॅम खुराक द्या आणि बोकड लावल्यावर आणखी दोन आठवडे चालू ठेवा. अंगाने उतरत्या शेळीपेक्षा चढत्या शेळीला जुळी होण्याची शक्यता जास्त. आधीच लठ्ठ असलेल्या शेळीला याचा फायदा नाही. नंतर शेवटच्या ४५ दिवसांत पुन्हा ३०० ग्रॅमच्या आसपास खुराक. करडाचे बहुतेक वजन याच दिवसांत भरते. या दोन्हीच्या मधल्या काळात खुराक वाचवला तरी चालतो.

एप्रिल-मेची करडे पाऊस लागेपर्यंत चार ते सहा आठवड्यांची होतात. त्यांच्यासाठी पडवीत जमिनीपासून तीन-चार फूट उंच माची करा. पोफळीच्या पट्ट्या चालतात. दोन पट्ट्यांतली फट मोठ्यांसाठी अर्धा इंच आणि करडांच्या कोपऱ्यात त्याहून थोडी कमी ठेवा, नाहीतर खूर अडकून पाय मोडतो. मोठ्या शेळीला १० ते १२ चौरस फूट आणि करडाला चार-पाच. ताडपत्री छपरापासून खालपर्यंत बांधू नका. शेळीच्या पाठीच्या उंचीपर्यंत झड अडवा आणि वर दीड-दोन फूट उघडे ठेवा. नैर्ऋत्येकडची बाजू झापांनी जास्त झाकावी, कारण झड तिकडूनच येते. पाला जमिनीवर टाकू नका, टांगा. लेंडीत मिसळलेला पाला खाणे हे कॉक्सिडियाला आमंत्रण आहे. सत्तरीत वाघरू आणि आर (अजगर) यांनाही विसरू नका. माचीची खालची बाजूसुद्धा जाळीने बंद हवी.

लसीची वेळही विणीला जोडून घ्या. आंत्रविषाराची लस गाभण शेळीला विण्याच्या महिनाभर आधी दिली की चिकातून करडाला संरक्षण मिळते. ज्या शेळीला ती पूर्वी कधीच दिलेली नाही तिला दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, म्हणून जरा आधी सुरुवात करा. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर. तिचे संरक्षण तीन वर्षे टिकते. घटसर्पाची पावसाआधी. पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्यात आधी नाव देऊन ठेवलेले बरे. एकट्या-दुकट्या शेळीसाठी लसीची बाटली फोडायला कुणी तयार नसते, वाड्यावरच्या (वाडीतल्या) सगळ्या शेळ्या एकाच दिवशी जमवा.

एक हिशेब वहीत लिहायला लागा. किती जन्मली ते नव्हे, तर ९० दिवसांची किती झाली आणि प्रत्येकाचे तेव्हाचे वजन किती. चार शेळ्यांची वर्षाला सहा वेते, दर वेताला सरासरी दीड करडू म्हणजे नऊ. त्यातले एखादे जाईल. आठ उरली तर तुमच्या गावठी शेळ्यांना नावे ठेवायला जागा नाही.

वाड्यावर एकच बोकड आहे आणि तोही आमच्याच शेळीचा. नवा घ्यावा का? घेतला तर काय पाहून? (पेडणे व बार्देशातून आलेली तीन पत्रे)

बदलायलाच हवा. आई-मुलगा, बाप-लेक, भाऊ-बहीण ही तिन्ही नाती रक्ताने सारखीच जवळची. अशी वीण दोनदा झाली की करडे हलकी जन्मतात, शेळ्या उलटू लागतात (लावल्यावर गाभण न राहता पुन्हा माजावर येतात), खालचा जबडा आखूड असलेली किंवा एकच वृषण उतरलेली पिल्ले दिसू लागतात. हे एका वेतात होत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. माणसे म्हणतात, शेळीच बिघडली.

दर दोन वर्षांनी बोकड बदला असे सांगण्याची पद्धत आहे. परसात ते उशिराचे ठरते. आज बोकड आणला तर पाच महिन्यांनी त्याच्या पहिल्या पाटी (मादी करडे) जन्मतील आणि सहा-आठ महिन्यांच्या झाल्या की माजावर येतील. म्हणजे वर्षभरातच बाप आणि लेक एका दाव्यावर. एक तर पाटी तीन महिन्यांच्या होताच वेगळ्या बांधा, किंवा वर्ष भरायच्या आत बोकड हलवा.

चार शेळ्यांसाठी वर्षभर बोकड पोसणे परवडत नाही. एक पुरा वाढलेला बोकड पंचवीस शेळ्यांना पुरतो. वाड्यावर चार घरी शेळ्या असतील तर वर्गणीने एक बोकड घ्या आणि वर्षाने तो दुसऱ्या वाड्यावर देऊन त्यांचा आपल्याकडे आणा. खर्च वाटला जातो आणि रक्तही बदलते. यात धोका रोगाचा. अदलाबदलीआधी बोकडाच्या रक्ताची ब्रुसेला (गाभ पाडणारा जंतू) चाचणी डॉक्टरांकडून करून घ्या, कातडीवर खरूज आणि खुरांत सड आहे का ते पाहा आणि आल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा. ब्रुसेला माणसालाही होतो; गाभ टाकलेल्या शेळीची वार उघड्या हाताने उचलू नये ती याचसाठी.

निवडताना वय बारा ते अठरा महिने. खालच्या मधल्या दोन दुधाच्या दातांच्या जागी मोठे दात आलेले असले तर वर्ष उलटले समजा. दोन्ही वृषणे सारखी, घट्ट, खाली उतरलेली. मागचे पाय सरळ. शिंगे असलेला घ्या. का ते पुढच्या एका उत्तरात येईल. जमले तर त्याच्या आईला पाहा, सड धड आहेत का आणि दोन करडे पोसते का. व्यापारी ‘जुळ्यातला आहे’ म्हणून हजार-दोन हजार जास्त मागतात. जुळेपणा रक्तातून फार थोडा उतरतो, त्यात मोठा वाटा शेळीच्या खाण्याचा असतो. वाढीचा वेग मात्र बापाकडून चांगला उतरतो. तेव्हा जास्तीचे पैसे मोजायचेच तर तीन महिन्यांचे वजन ज्याचे लिहून ठेवलेले आहे अशा बोकडासाठी मोजा. वर्षाच्या कोवळ्या बोकडाला एका हंगामात दहापेक्षा जास्त शेळ्या देऊ नका.

बोकड लांब असल्याने माज कळत नाही, अशी एका पत्रातली तक्रार आहे. शेपटी सतत हलवणे, उगाच ओरडणे, पुन्हा पुन्हा मुतणे, खाणे सोडणे, दुसरीवर चढणे ही लक्षणे. तरी शंका राहिली तर एक जुनी युक्ती करा. बोकडाच्या शिंगांच्या मागे उग्र वासाची जागा असते, तिथे फडके खसखसून घासा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. खिडकीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ शेळीच्या नाकाशी धरा. माजावरची फडक्याला सोडत नाही.

बोकड दूर असण्याचा एक फायदाही आहे. महिनाभर त्याचा वास आणि आवाज नसेल आणि मग तो अचानक आला, तर थंड पडलेल्या शेळ्या पाच ते दहा दिवसांत माजावर येतात. यातला पहिला माज कधी कधी आठवडाभरातच उलटतो. तेव्हा घाबरू नये, पुढचा माज धरावा.

बोअर किंवा जमुनापारी आणून गावठी शेळ्या सुधाराव्यात असे एक व्यापारी सुचवतो. तुमचे मत? (केपे)

मत स्पष्ट आहे: परसासाठी नको. जमुनापारी ही इटाव्याकडच्या, चंबळच्या कोरड्या घळींतली शेळी. उंच, देखणी, पण उशिरा वयात येते आणि बहुधा एकच करडू देते. आपल्या ओल्या हवेत तिला खूर आणि छाती सांभाळता येत नाही. बोअरचा बोकड लहान चणीच्या पहिलटकर पाटीला लावला तर करडू अडते. रात्री दोन वाजता अडलेली शेळी घेऊन कुठे जाणार, याचा विचार व्यापारी करत नाही.

शेजारच्या सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ पाहा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यातल्या निळेली केंद्रात तिच्यावर काम केले आहे, आणि जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) किनारी कृषी संशोधन संस्थेतही ती पाळली जाते. अंग काळे आणि नाकपुडीपासून कानापर्यंत तोंडाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, ही ओळख. जोरदार पावसाच्या मुलखातच घडलेली जात आहे, त्यामुळे हवामानाची भीती नाही. शेळ्या विकून नव्या घ्यायची गरज नाही. आहेत त्या गावठी शेळ्यांना कन्याळचा बोकड लावा, पहिल्या पिढीतल्या चांगल्या दोन पाटी ठेवा, पुढचा बोकडही कन्याळच पण दुसऱ्या घरचा. दोन पिढ्यांत फरक दिसेल. उस्मानाबादी जुळ्यांसाठी नावाजलेली आहे, आणायला हरकत नाही. पण कोरड्या मुलखातून आणायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणा, तिला पहिल्या पावसाआधी इथल्या पाल्याची सवय होऊ द्या.

दीड वर्षाची पाट तीन वेळा उलटली. बोकड चांगला आहे. विकून टाकू? (डिचोली)

आधी तारखा काढा. १८ ते २२ दिवसांनी उलटत असेल तर गर्भ राहिलेलाच नाही. बहुतेक वेळा लावण्याची वेळ चुकलेली असते. माज २४ ते ४८ तास टिकतो आणि बीज सुटते ते माजाच्या अखेरीस. लक्षण दिसले की घाईघाईने बोकडाकडे नेऊन आणणे ही नेहमीची चूक. सकाळी दिसले तर संध्याकाळी लावा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. ३० ते ४५ दिवसांनी उलटत असेल तर गर्भ राहून गळतो आहे. तेव्हा रक्त तपासा, आणि गर्भाच्या सुरुवातीला जंताचे अल्बेंडाझोल दिले होते का ते आठवा. ते पहिल्या दीड महिन्यात देऊ नये.

मग वजन. गावठी पाट २० किलोच्या आत असेल तर वय दीड वर्षे असले तरी ती तयार नाही. तागडी नसेल तर इंची पट्टी घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन येते. घेर २५ आणि लांबी २२ असेल तर जवळजवळ २१ किलो. उलट, घरातली पेज आणि उरलेला भात खाऊन तुकतुकीत झालेली पाटही लागत नाही. तिला महिनाभर पाल्यावर ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे शिंगे. पाटीला जन्मापासून शिंगे नाहीत आणि तिचे आईबापही बिनशिंगी होते का? दोन्ही बाजूंनी बिनशिंगी वीण झाली की काही पाटी बाहेरून मादी, आतून अर्धवट नर अशा जन्मतात. योनीच्या तोंडाशी वाटाण्याएवढा फुगवटा, बोकडासारखा वास, बोकडासारखे अंगावर येणे अशी चिन्हे असतात. ही कधीच विणार नाही, ती विकावी. म्हणूनच वर म्हटले, बोकड शिंगांचा घ्या.

आणि बोकड चांगला आहे हे कशावरून? त्याने याच हंगामात दुसऱ्या शेळ्या गाभण केल्या आहेत का ते विचारा. एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याखाली बांधलेल्या बोकडाचे बीज कमजोर होते. ते पूर्ववत व्हायला दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे पाऊस पडून गारवा आला तरी जूनमध्ये शेळ्या उलटत राहतात. मेची खिडकी धरणाऱ्यांनी मार्चपासूनच बोकड कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) किंवा फणसाच्या सावलीत बांधावा आणि शेळ्या पहाटे किंवा तिन्हीसांजेला लावाव्यात.

कुळागर असल्यामुळे हिरवा चारा भरपूर आहे, तरी पावसात शेळ्या वाळतात. काजूच्या हंगामात बोंडू खाऊन एक शेळी मेली. (सांगे)

हिरवे दिसते तेवढे पोटात जात नाही. ३० किलोच्या शेळीला रोज किलोभर कोरडा अंश लागतो. जुलैच्या गवतात पाच भागांतले चार पाणी. पाच किलो खाल्ले तेव्हा कुठे एक किलो भरला, आणि पावसाच्या उघडिपीत शेळी पाच किलो चरत नाही. तेव्हा पावसासाठी कोरडा चारा उन्हाळ्यातच साठवा. वायंगणी (उन्हाळी) अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा काढून झाल्यावर वेल उपटून जाळतात. तो सावलीत वाळवून पोटमाळ्यावर ठेवला तर शेळीसाठी भाताच्या पेंढ्यापेक्षा कितीतरी सरस. भुईमुगाचा पालाही तसाच. फणसाचा पाला बारमाही चालतो. कुंपणाला गिरिपुष्प आणि पांगारा लावा. गिरिपुष्प तोडल्यावर एक दिवस सुकवून दिले की वासाची कुरकुर राहत नाही. सुबाभूळ एकूण पाल्याच्या तिसऱ्या भागाहून जास्त नको, केस गळतात. घाणेरी मात्र पूर्ण वर्ज्य. यकृत जाते आणि उन्हात कातडी सोलवटते.

दहा किलो खुराकाचे साधे माप असे: मक्याची भरड ४ किलो, शेंगदाणा पेंड दीड, नारळाची पेंड दीड, कोंडा २ किलो ७०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. पावसात दोन्ही पेंडींना बुरशी धरते. पंधरा दिवसांपुरतीच आणा, डब्यात ठेवा, कुबट वास आला की शेळीला नव्हे, खताच्या खड्ड्यात. पैदाशीच्या आणि कापायच्या बोकडांना कोंडा जास्त झाला तर मूत्रमार्गात खडे होतात. मुतायला कुंथणारा बोकड त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चारा भरपूर असूनही वाळते ती शेळी बहुधा जंतांमुळे. खालची पापणी उलटून पाहा: लाल-गुलाबी असेल तर सोडा, फिकट किंवा पांढरी असेल तर औषध द्या. सगळ्यांना सरसकट दरमहा औषध दिल्याने जंत औषधाला जुमानेनासे होतात. मात्रा वजनावर मोजून द्या आणि ताज्या लेंड्या दवाखान्यात तपासून घ्या. फ्लूक (यकृतातला चपटा जंत) असेल तर नेहमीचे औषध पुरेसे ठरत नाही. शेतातल्या साचलेल्या पाण्याकाठी चरणाऱ्या शेळ्यांत तो असतोच.

बोंडूंचे असे की त्यांतली साखर पोटात आंबते. एकदोन बोंडू काही करत नाहीत. झाडाखाली पडलेली, आधीच आंबलेली टोपलीभर खाल्ली की पोटात आम्ल होते, शेळी दात खाते, डुलते, बसते. लगेच २० ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर पाण्यात विरघळवून हळूहळू पाजा, धान्य बंद, सुका पाला चालू, आणि डॉक्टरांना बोलवा. उशीर झाला तर सोड्याने वाचत नाही. मार्च ते मे रोज सकाळी बोंडू गोळा झाल्यावरच शेळ्या काजूत सोडा. भट्टीवरचा चोथा ओला देऊ नका. कडक उन्हात वाळवलेला असेल तर खुराकाच्या दहाव्या भागापर्यंत चालेल. बियांच्या कच्च्या सालीजवळ शेळी फिरकू देऊ नका, तिच्या तेलाने तोंड भाजते.

जुळी झाली की शेळी एकालाच पाजते. दुसऱ्याला गाईचे दूध दिले तर ते दोन दिवसांत मरते. (फोंडा)

दुधाने नव्हे, चीक न मिळाल्याने मरते. किंवा गारठलेले असताना पाजल्याने. करडाच्या तोंडात बोट घाला. आत गार लागले तर दूध नको, आधी ऊब. खोक्यात कोरडे गोणपाट, दोन फुटांवर ६० वॉटचा जुना बल्ब, तासाभराने पुन्हा बोट घालून पाहा. तोंड गरम झाले की पहिल्या तासा-दोन तासांत ५० ते १०० मिलि चीक, आणि पहिल्या दिवसात एकूण वजनाच्या दहाव्या भागाएवढा: अडीच किलोच्या करडाला २५० मिलि, चार-पाच वेळा वाटून. आई उभी राहत नसेल तर तिला भिंतीशी धरून चोखवा, लाजू नका. नाकारलेल्या करडाच्या अंगाला आईच्याच वारेचे पाणी आणि पाजलेल्या करडाचा वास चोळला तर पहिल्या दिवशी पुष्कळदा ती घेते. दुसऱ्या दिवसानंतर सहसा नाही.

जास्त चीक असलेल्या शेळीचा चीक बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावा, सहा महिने टिकतो. वितळवताना ट्रे कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका. उकळला की त्यातली प्रतिकारशक्ती गेली. नाळ दोन इंचांवर कापून टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा, नुसते बोटाने लावू नका. चौथ्या दिवसापासून गाईचे दूध चालेल, रोज वजनाच्या दहाव्या भागाएवढे, अंगाच्या उबेएवढे गरम, चार वेळा.

बकरी ईदसाठी बोकड तयार करायचे तर खच्ची करावेत का? (मडगाव)

गिऱ्हाईक आधी विचारा. काहींना खच्ची चालतो, काही घेत नाहीत आणि व्यवहार त्यावरच मोडतो. वय वर्षाच्या वर हवे, शिंग मोडलेले, कान फाटलेला किंवा लंगडा चालत नाही. म्हणून या बोकडांना कानात बिल्ला टोचू नका, गळ्यात पट्टा बांधा. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. येती काही वर्षे ती मे आणि एप्रिलमध्ये येणार, त्यामुळे मेमध्ये जन्मलेले बोकड पुढच्या ईदला वर्ष पूर्ण करतीलच असे नाही. त्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जानेवारीच्या वेतातले राखा, आणि मेमधले सप्टेंबर ते डिसेंबरात मटणासाठी विका. त्यातले जे खच्ची करायचे ते दोन-तीन महिन्यांचे असताना, कातडी न कापता, चिमट्याने, डॉक्टरांकडूनच करून घ्या. न केलेले नर तीन महिन्यांनंतर पाटींपासून वेगळे. चार महिन्यांचा नरही शेळी गाभण ठेवू शकतो.